शेती, जंगल आणि मासेमारीच्या शिक्षणातला एआय

कृत्रिम बुद्धिमत्ता हा शब्द परीक्षेच्या पेपरात चालतो, बाकी सगळीकडे एआयच म्हणतात, म्हणून इथेही तेच. शाश्वत शेती, वनशास्त्र आणि मत्स्यविज्ञान शिकवताना एआय दोन वाटांनी येतो आणि लोक दोन्हींची सरमिसळ करतात. एक म्हणजे विचारलं की उत्तर देणारा चॅटबॉट, तो झाला बोलका गाईड. दुसरी वाट म्हणजे पोरांनी मशीनला रोग, कीड, वाघ, मासा ओळखायला शिकवायचं, आणि ते कुठे चुकतं तेही बघायचं. खरं शिक्षण या दुसऱ्या वाटेवर आहे, त्यामुळे ही नोंद जास्त करून तिच्याबद्दल.

वर्गात पहिलं उदाहरण बहुतेक वेळा प्लांटव्हिलेजचं देतात. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठाशी जोडलेला हा पानांच्या फोटोंचा साठा, त्यातले १४ पिकांचे ५४,३०६ फोटो वापरून २०१६ मध्ये एक मॉडेल, म्हणजे फोटो बघून ओळखायला शिकलेला प्रोग्राम, तयार केलं, त्यात २६ रोग होते, आणि शिकवताना न दाखवता बाजूला ठेवलेल्या फोटोंवर त्याने ९९.३५ टक्के बरोबर उत्तरं दिली. इथपर्यंतच वाचून टाळ्या वाजवणारे खूप. त्याच अभ्यासात पुढे लिहिलंय की वेगळ्या परिस्थितीत काढलेले फोटो दिल्यावर हाच आकडा ३१ टक्क्यांच्या आसपास आला. कारण साधं आहे, साठ्यातलं पान तोडून साध्या पार्श्वभूमीवर ठेवून काढलेलं, आणि शेतातलं पान म्हणजे धूळ, सावली, मागे दुसरी पानं, एका पानावर दोन रोग, वरून फवाऱ्याचे डाग. हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून 'असं का झालं' विचारलं तरी एक तास भरून जातो.

आपल्याकडचं सगळ्यात शिकण्यासारखं उदाहरण कापसाचं. २०१७ साली महाराष्ट्रात गुलाबी बोंडअळीने कापूस खाल्ला आणि त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, त्यामुळे 'आता फवारायचं की थांबायचं' हा प्रश्न इथे पुस्तकी नाही. त्यासाठी शेतात कामगंध सापळे लावतात. सापळ्यात मादीच्या वासाची गोळी असते, त्यावर नर पतंग येऊन अडकतात, आणि सलग तीन रात्री, दर रात्री सापळ्यामागे आठ पतंग मिळाले की आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली, म्हणजे आता उपाय केला नाही तर तोटा होईल, असं धरतात. हे मोजायचं काम कंटाळवाणं, मेलेले पतंग एकमेकांना चिकटलेले, पंखांची भुकटी झालेली, मधेच दुसरेच किडे. वाधवानी एआय या संस्थेने यासाठी कॉटनएस नावाचं अ‍ॅप केलं: सापळा पांढऱ्या कागदावर रिकामा करायचा, पतंग सुटे करायचे, फोटो काढायचा, अ‍ॅप मोजून सल्ला देतं, आणि मॉडेल इतकं लहान केलंय की रेंज नसली तरी फोनमध्येच चालतं. विदर्भात रेंज नसणं काय असतं ते ज्याने बांधावर फोन उंच धरून फेऱ्या मारल्यात त्याला विचारा.

पण शिकणाऱ्याने इथे थांबू नये. सापळ्यात फक्त नर येतात, अंडी घालणारी मादी येत नाही, म्हणजे मोजलेला आकडा हा अंदाजाचाच धागा. अळी तर बोंडाच्या आत असते, बाहेरून बोंड हिरवंगार आणि फोडलं की आत सरकी पोखरलेली, तिथे कॅमेरा काय करणार? म्हणून जुनी पद्धत सुटत नाही: एकरातून वीस हिरवी बोंडं तोडायची, फोडायची, त्यात दोन किडकी निघाली म्हणजे दहा टक्के झाले, फवारणीचा विचार करायचा. आणि डोमकळी बघायची, म्हणजे ज्या फुलाच्या पाकळ्या अळीने आतून बांधून टाकल्या आणि फूल नीट उमललंच नाही ते. ज्या पोराने एकदाही बोंड फोडलं नाही त्याच्या हातात अ‍ॅप दिलं तर अ‍ॅप चुकलंय हे त्याला कळणारच नाही, म्हणून आधी हाताने मोजायचं आणि मग फोटो काढायचा, उलटं नाही, असं माझं मत.

ऊसवाल्यांना बारामती माहीतच आहे. तिथल्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने ऑक्सफर्ड आणि मायक्रोसॉफ्टसोबत जमिनीतले सेन्सर, हवामान केंद्र आणि उपग्रहाची चित्रं एकत्र करून पाणी-खताचा सल्ला द्यायचा प्रयोग केला, मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नडेला यांनी त्याचं नाव घेतलं आणि मग व्हॉट्सअ‍ॅपवर एकरी उताऱ्याचे आकडे फिरायला लागले. विद्यार्थ्याने असे आकडे ऐकले की पहिला प्रश्न तुलनेच्या प्लॉटचा विचारावा: जमीन तीच, बेणं तेच, लागण त्याच आठवड्यातली होती का? राज्य सरकारने जून २०२५ मध्ये महाअ‍ॅग्री-एआय धोरण मंजूर केलं, पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी, त्यामुळे हे प्रश्न विचारणारे लोक लागणार आहेत.

जंगलात गोष्ट वेगळी, तिथे फोटो कमी नाहीत, भयंकर जास्त आहेत. २०१८ च्या व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले आणि ३ कोटी ४८ लाखांच्या वर फोटो आले, त्यात वाघाचे ७६,६५१. म्हणजे साधारण साडेचारशे फोटोंत एक वाघ, बाकी हरणं, गुरं, माणसं आणि वाऱ्याने हललेलं गवत. ही निवड मशीनने करायची आणि मग पट्ट्यांवरून एकेक वाघ वेगळा काढायचा, तसे २,४६१ निघाले. वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीचे पट्टे वेगळे असतात हे प्रशिक्षणार्थीला माहीत नसेल तर एकाच वाघाचे दोन मोजले जातील, म्हणून कॅमेरे वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर लावतात. हल्ली गावाच्या वेशीवरही कॅमेरे लावून वाघ दिसला की भोंगा वाजवतात, पण कुत्र्यावर चारदा वाजला तर पाचव्यांदा कोण उठतंय.

मासेमारीत तर गाडी उलटीच अडकते. हैदराबादची इन्कॉइस संस्था उपग्रहावरून समुद्राचं तापमान आणि हरितद्रव्य बघून मासे कुठे मिळू शकतील त्या जागा मच्छीमारांना कळवते, आणि असल्याच डेटावर आता विद्यार्थी मॉडेल चालवायला शिकतात. मासा नेमका सापडायला लागला की डिझेल वाचतं, खरंय, पण मासाही जास्त काढला जातो, मग शाश्वत कसलं? त्यामुळे 'कुठे आहे' याच्याइतकंच 'केवढा आहे' हे शिकवायला लागतं. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी पकडायचा किमान आकार ठरवला, पापलेट १३५ मिलिमीटर. फोटोवरून लांबी काढणारं मॉडेल ऐकायला सोपं वाटतं, पण मासा कॅमेऱ्याकडे जरा कलला किंवा शेपटी दुमडली तरी पाच-दहा मिलिमीटर इकडचे तिकडे होतात, आणि इथे निर्णय तेवढ्यावरच असतो. म्हणून फोटोत मोजपट्टी ठेवायचीच. जातीची भानगड वेगळी: हलव्याला इंग्रजीत काळं पापलेट म्हणतात, पण तो पापलेटच्या कुळातला नाहीच, लेबल लावताना, म्हणजे मशीनला शिकवायच्या फोटोवर नाव लिहिताना, दोघांना एका डब्यात टाकलं की मॉडेल कायमचं बिघडलं.

शेवटी भाषा. राज्याच्या कृषी विभागाने २०२५ मध्ये महाविस्तार-एआय हे अ‍ॅप आणलं, त्याला मराठीत विचारता येतं. आता शेतकरी म्हणतो 'कपाशीवर लाल्या आलाय'. लाल्या म्हणजे पानं लाल पडणं, आणि त्यामागे मॅग्नेशियमची कमतरता असेल, रात्रीची थंडी असेल, पाण्याचा ताण असेल किंवा पानाचा रस शोषणारे तुडतुडे किडेही असतील. नाव एक आणि कारणं चार. फोटोवर लेबल लावणारा विद्यार्थी तिथे नुसतं 'लाल्या' लिहितो की पान उलटं करून खाली तुडतुडे आहेत का बघतो, पुढचं सगळं त्यावर ठरतं.