शनिवारवाडा ते स्वारगेट, एकाच झोतात

जूनमध्ये आभाळ भरून आलं की अर्धं पुणे मोबाइलवर कुलाब्याच्या डॉप्लर रडारचं चित्र उघडतं आणि लाल ठिपका मंडईवर आहे की सारसबागेवर, यावर वाद घालतं. वाद खुशाल घाला, पण खुद्द रडारलाच ते ठाऊक नसतं. त्याच्या रेडिओलहरींचा झोत साधारण एक अंश रुंद. कुलाब्याहून पुणे सरळ रेषेत सुमारे 120 किलोमीटर. इथवर येईतो झोत दोन किलोमीटर फाकतो, म्हणजे शनिवारवाडा आणि स्वारगेट जवळपास एकाच झोतात. अंतर मोजण्यात मात्र रडार चोख असतं: एक मायक्रोसेकंदाचा स्पंद सोडला, तर मागेपुढे असलेल्या दोन वस्तू दीडशे मीटरच्या फरकानेही वेगळ्या कळतात. घोळ होतो तो आडव्या दिशेत.

याला कारण विवर्तन, म्हणजे लहरींचं फाकणं. थाळीच्या प्रत्येक भागातून लहरी निघतात आणि नाकासमोर सगळ्या एका तालात पोचतात. जरा तिरक्या दिशेला एका काठाची लहर दुसऱ्या काठाच्या मागे पडते. हा फरक साधारण एका तरंगलांबीएवढा झाला की थाळीच्या एका अर्ध्यातल्या लहरी दुसऱ्या अर्ध्यातल्या लहरींना पुसून टाकतात. झोताची कड ती हीच. म्हणून झोताचा कोन ठरतो तरंगलांबी भागिले थाळीचा व्यास यावर. कितीही महाग इलेक्ट्रॉनिक्स जोडलं तरी तो अरुंद होत नाही.

कुलाब्याची लहर 10 सेंटिमीटरच्या आसपासची. तिला एक अंशाचा झोत हवा तर सात-आठ मीटरची थाळी लागते. आपल्या डोळ्याची बाहुली जेमतेम 3 मिलिमीटर, पण प्रकाशाची लहर मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाएवढी. डोळ्याची बरोबरी करायला 3 सेंटिमीटर लहरीच्या रडारला 180 मीटर व्यासाची थाळी बांधावी लागेल!

मग लहरच आखूड का घेऊ नये? घेतात. पण 3 सेंटिमीटरची लहर मुसळधार पावसात विरते आणि अलीकडच्या सरीआड पलीकडची सर दडते. लांबून पाहायचं तर घाटातल्या पावसाला 10 सेंटिमीटरच बरी.

थाळी वाढवण्याची एक हुशार वाट नारायणगावजवळ खोडदला दिसते. तिथली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण रडार नव्हे, ती आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी फक्त ऐकते, नियम तोच. 21 सेंटिमीटरच्या लहरीला तिची 45 मीटरची एकटी थाळी पाव अंशाच्या आतलं वेगळं करू शकत नाही. पण 25 किलोमीटरपर्यंत पसरलेल्या 30 थाळ्यांचे संकेत जोडले की तपशील शेकडो पटींनी बारीक होतो.

2025 मध्ये सोडलेला निसार हा रडार उपग्रह हेच काम एका अँटेनावर भागवतो. 747 किलोमीटरवरून त्याच्या 24 सेंटिमीटर लहरीचा झोत, 12 मीटरच्या अँटेनातूनही, जमिनीवर 15 किलोमीटर पसरतो. मात्र उडताना वाटेत टिपलेले प्रतिध्वनी तो तालासकट जुळवतो आणि काही मीटरचा तपशील काढतो.

पावसाला ही युक्ती लागू पडत नाही, कारण थेंब स्थिर राहत नाहीत. तिथे सरळ उपाय एकच, रडार जवळ नेणं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने मांढरदेवच्या डोंगरावर 3 सेंटिमीटर लहरीचं रडार बसवलं. तिथून पुणे पन्नासेक किलोमीटर, आणि तेवढ्या अंतरावर एक अंश म्हणजे किलोमीटरही भरत नाही.