डोक्यावरून तारा, हाताशी वीज नाही

कॅलिफोर्नियात लॉस्ट हिल्स नावाच्या गावाजवळ टेस्लाने 2025 साली 164 पॉइंटचे चार्जिंग स्टेशन पूर्ण केले. बातम्यांत कौतुक झाले ते या आकड्याचे. मला मात्र त्यातला दुसराच आकडा महत्त्वाचा वाटतो. एवढ्या मोठ्या स्टेशनाला ग्रिडची जोडणी आहे जेमतेम दीड मेगावॅटची. बाकीची वीज 11 मेगावॅटच्या सौर पॅनेलमधून आणि 39 मेगावॅट-तास साठवणाऱ्या बॅटऱ्यांमधून येते. पेट्रोल पंप टाकणाऱ्याने सोबत तेलविहीरही खणावी, तसा हा प्रकार. ही पाळी का आली, याची गोष्ट रस्त्यापासूनच सुरू होते.

लॉस एंजेलिस ते सॅन फ्रान्सिस्को हे अंतर सुमारे 600 किलोमीटर. पूर्वी लोक 99 नंबरच्या रस्त्याने जात, बेकर्सफील्ड, फ्रेझ्नो अशी शहरे घेत. सॅन होआकिन खोऱ्याच्या पश्चिम कडेने इंटरस्टेट 5 हा नवा आंतरराज्य महामार्ग 1972 मध्ये खुला झाला, तो मुद्दाम गावे टाळून. लॉस्ट हिल्स याच महामार्गालगत, आणि पुढे येणारी स्टेशनेही याच वाटेवरची. बाजूने कालवा, बदामाच्या बागा, मधूनच तेलविहिरींचे पंप आणि मैलोन्मैल सरळ डांबर. सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या बे एरियातल्या मराठी मंडळींना हा पट्टा ओळखीचा असतो, विशेषतः कोलिंगाजवळच्या हॅरिस रँचच्या गुरांचा वास, जो गुरे दिसायच्या आधी गाडीत शिरतो.

त्यात 1956 च्या संघीय महामार्ग कायद्याची भर. इंटरस्टेटच्या सरकारी हद्दीत पेट्रोल पंप वा दुकान काढायला त्या कायद्याने मनाई केली. त्यामुळे सरकारी विश्रांतिस्थळावर स्वच्छतागृह मिळते, इंधन नाही. धंदा करायचा तर महामार्ग सोडून, फाट्यावर उतरून, खासगी जागेत. चार्जिंग स्टेशनेही त्याच फाट्यांवर आली.

टेस्लाने सप्टेंबर 2012 मध्ये आपल्या जलद चार्जरची, म्हणजे ‘सुपरचार्जर’ची, पहिली सहा ठिकाणे जाहीर केली, ती सगळी कॅलिफोर्नियात, आणि त्यांत हॅरिस रँच होते. टेस्लाची त्या वेळची मॉडेल एस गाडी एका चार्जमध्ये 265 मैल, म्हणजे सुमारे 425 किलोमीटर जाई. दोन शहरांमध्ये एकदा थांबणे भागच होते, आणि थांबायचे तर जेवायची सोय असलेली जागा हवी. पेट्रोल पाच मिनिटांत भरून होते. इथे अर्धा-पाऊण तास जायचा. रँचच्या हॉटेलाला हे गिऱ्हाईक नको असण्याचे कारण नव्हते. 2014 च्या अखेरीस तिथेच बॅटरी बदलून देण्याचा प्रयोगही सुरू झाला. तो फार चालला नाही.

नोव्हेंबर 2017 मध्ये केटलमन सिटीला 40 पॉइंटचे स्टेशन उघडले, कॉफी आणि सोफ्यांच्या बैठकीसह. हे नावाला सिटी, प्रत्यक्षात शेतमजुरांचे लहानसे गाव, आणि त्या काळात गावच्या पिण्याच्या पाण्यात आर्सेनिक होते. एवढे सांगून पुढे जातो, पण ते विसरता येत नाही.

त्या पिढीच्या चार्जरमध्ये दोन पॉइंट मिळून एकाच कपाटातून वीज घेत. शेजारच्याने गाडी लावली की तुमचा वेग घटे. 2019 मध्ये थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरअखेरच्या सणाच्या सुट्टीत या केटलमनलाच गाड्यांची लांबच लांब रांग लागली आणि तिचे व्हिडिओ जगभर फिरले. पुढच्या वर्षी फायरबॉला 56 पॉइंट झाले, मग हॅरिस रँचचे वाढत वाढत 98.

पॉइंट वाढवणे सोपे, त्यांना वीज पुरवणे अवघड. नव्या पिढीचा एक पॉइंट 250 किलोवॅट ओढू शकतो. आपल्या हिशेबात सांगायचे तर पाच एचपीच्या सदुसष्ट मोटारी एकदम सुरू केल्यासारखे. असे 164 पॉइंट पूर्ण जोरात चालले तर 41 मेगावॅट. खोऱ्यातल्या वितरण वाहिन्या शेतीपंप आणि गोदामे डोळ्यांसमोर ठेवून टाकलेल्या. गंमत अशी की याच पट्ट्यातून उत्तर-दक्षिण कॅलिफोर्निया जोडणाऱ्या 500 केव्हीच्या पारेषण तारा जातात. पण त्यातून वीज उतरवायची तर उपकेंद्र हवे, त्याला पैसा हवा आणि वर्षे हवीत.

शिवाय बिलाचा प्रश्न. आपल्याकडे उच्चदाब ग्राहकाच्या बिलात ‘मागणी आकार’ असतो, तसाच तिथेही. महिन्यातली सर्वाधिक मागणी नोंदली जाते आणि तिचा आकार लागतो, मग बाकी दिवस स्टेशन ओस का पडेना. सुट्टीच्या चार दिवसांवर चालणाऱ्या आडरानातल्या स्टेशनाला हे फार जड जाते. बॅटरी ठेवली की ग्रिडकडून हळूहळू घ्यायचे आणि गर्दीत भराभर द्यायचे, एवढा हिशेब जमतो.

सरकारने दुसरी वाट धरली होती. 2021 च्या पायाभूत सुविधा कायद्यात महामार्गांवरच्या चार्जिंगसाठी 5 अब्ज डॉलर ठेवले. दर 50 मैलांना एक स्टेशन आणि तिथे 150 किलोवॅटचे किमान चार पॉइंट, अशी अट घातली. आपल्या केंद्राच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांतही महामार्गावर दर 25 किलोमीटरला एक स्टेशन, असे अंतरच मोजले होते. नकाशावर ठिपके सारख्या अंतराने छान दिसतात. गर्दी मात्र तशी वाटून येत नाही. अमेरिकेतली ती योजना रांगत चालली, फेब्रुवारी 2025 मध्ये नव्या सरकारने थांबवली, राज्ये न्यायालयात गेली, आणि ऑगस्टमध्ये सैल अटींसह ती पुन्हा सुरू झाली.

लॉस्ट हिल्सची खरी परीक्षा नोव्हेंबरच्या संध्याकाळी होते. तेव्हा सूर्य पाचच्या आत मावळतो, पॅनेल झोपतात आणि सुट्टीची गर्दी असतेच. एका गाडीला 50 युनिट, म्हणजे 50 किलोवॅट-तास, धरले आणि गळती सोडून दिली, तर भरलेल्या बॅटऱ्यांवर सुमारे 780 गाड्या निघतात.