स्पोर्ट्स कारमध्ये हायब्रिड की मोठे इंजिन: वादाची पार्श्वभूमी

पेट्रोल इंजिनाला विद्युत मोटरची जोड देण्याचे, म्हणजेच हायब्रिडचे, प्रयोग 1900 च्या सुमाराचे असले, तरी वेगवान गाड्यांच्या जगात त्यांना महत्त्व आले ते 2009 मध्ये. त्या वर्षी फॉर्म्युला वनमध्ये ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा साठवून प्रत्येक फेरीत काही सेकंद सुमारे 80 अश्वशक्ती अधिक वापरण्याची मुभा मिळाली. 2013 मधील पोर्शची 918 स्पायडर, मॅक्लारेनची पी1 आणि फेरारीची लाफेरारी या गाड्यांत मोटर आली, पण इंजिन आठ किंवा बारा सिलिंडरचेच राहिले. त्यामुळे कुरकुर फारशी झाली नाही.

खरा वाद पेटला 2022 मध्ये. मर्सिडीज-एएमजी या जर्मन कंपनीने आपल्या सी63 या गाडीतील 4 लिटरचे आठ सिलिंडर इंजिन काढून 2 लिटरचे चार सिलिंडर इंजिन बसवले आणि मागच्या चाकांना मोटर दिली. ताकद 510 वरून 680 अश्वशक्तीवर गेली, मात्र वजनही 2,100 किलोंच्या पुढे गेले. यामागे युरोपातील कार्बन उत्सर्जनाची मर्यादा होती: बाहेरून चार्ज होणाऱ्या हायब्रिडची चाचणी भरलेल्या बॅटरीपासून सुरू होत असल्याने उत्सर्जनाचा आकडा खाली येतो, मग ती बॅटरी गाडीला जेमतेम 13 किलोमीटर नेणारी का असेना. टीकाकारांनी मोठ्या इंजिनाचा आवाज हरवल्याचा शोक अधिक केला. वास्तविक गंभीर आक्षेप वजनाचा होता.

मोटरचा फायदा आणि वजनाचा तोटा दोन्ही घाटात जाणवतात. वाईहून पसरणी घाटाने पाचगणीला जाताना साडेपाचशे मीटरहून अधिक चढ आहे. उंचीवर हवा विरळ होते, तशी टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारे यंत्र) नसलेल्या मोठ्या इंजिनाची ताकद घटते; मोटरला हवेशी देणेघेणे नाही आणि वळणातून बाहेर पडताना ती तत्काळ जोर देते. परंतु त्याच वळणात शिरताना जादा वजन ब्रेक आणि टायरनाच आवरावे लागते.

त्यामुळे 2024 मध्ये पोर्शच्या 911 या गाडीच्या हायब्रिड आवृत्तीने स्वीकारलेला मार्ग अधिक शहाणपणाचा वाटतो: 3.6 लिटरचे इंजिन, 1.9 किलोवॅट-तासांची छोटी बॅटरी आणि सुमारे 50 किलोंचीच वाढ. शेव्हरोले या अमेरिकी कंपनीने तर निवड गिऱ्हाइकावरच सोपवली असून, तिच्या कॉर्व्हेटमध्ये 6.2 लिटर इंजिन व मोटर मिळून 655, तर मोटरविना 5.5 लिटर इंजिनातून 670 अश्वशक्ती मिळते.

भारतात 22 सप्टेंबर 2025 पासून अशा दोन्ही प्रकारांवर सारखाच 40 टक्के जीएसटी आहे. म्हणजे साताऱ्याच्या खरेदीदाराला हायब्रिड घेण्यासाठी करसवलतीचे कारण उरलेले नाही.