न्यूज म्हणजे चार दिशा नव्हेत

‘नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ यांची आद्याक्षरं जोडून न्यूज हा शब्द झाला’ असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. जुळणी झकास आहे, पटावी अशीच. पण निव्वळ योगायोग. शब्द आला ‘न्यू’वरून. ‘न्यू’ म्हणजे नवं, त्याचं अनेकवचन ‘न्यूज’ म्हणजे नव्या गोष्टी. फ्रेंचमधला ‘नूव्हेल’ही असाच, ‘नवीन’वरून बातमीकडे गेलेला.

पडताळायचं तर व्युत्पत्ती देणारा मोठा इंग्रजी कोश उघडा. पंधराव्या शतकातली स्पेलिंगं सापडतील: एन-ई-डब्ल्यू-ई-एस, एन-ई-डब्ल्यू-वाय-एस. यातल्या जादा ‘ई’ला, ‘वाय’ला कुठली दिशा द्यायची? शेक्सपिअरच्या काळी ‘दीज न्यूज’ असं अनेकवचनही सर्रास चाले. आणि आद्याक्षरांतून शब्द घडवायची रीत इंग्रजीत रुळली ती थेट विसाव्या शतकात.