बर्फ ओसरल्यावर उगवणारी गुच्छी

कुलू, चंबा किंवा काश्मीरच्या डोंगरांत मार्च-एप्रिलमध्ये बर्फ ओसरू लागले, की गावातल्या बायका-मुले सकाळीच देवदार आणि कैलच्या जंगलाची वाट धरतात. त्यांची नजर झाडांवर नसते, ती गळून पडलेल्या सुयांसारख्या पानांच्या तपकिरी थरावर खिळलेली असते, कारण साधारण त्याच रंगाची, बोटाएवढी गुच्छी ही रानातली अळंबी त्या थरातून जेमतेम डोके वर काढून उभी असते. एक सापडली की जाणता माणूस पुढे जात नाही. तो तिथेच उकिडवा बसून आजूबाजूची जमीन न्याहाळतो, कारण वरून न दिसणाऱ्या तिच्या सोबतिणी जमिनीलगत पाहिल्यावरच दिसतात.

आपल्याकडे अळंबी म्हटले की पावसाळा आणि वारूळ आठवते. गुच्छी मात्र वसंतातली. ती मोर्केला या प्रजातीतली असून इंग्रजीत तिला मोरेल म्हणतात. नेहमीच्या छत्रीसारख्या अळंबीच्या खाली पडदे असतात, तसे तिला नसतात. तिचे डोके मधाच्या पोळ्यासारखे खळग्यांचे असते. या खळग्यांच्या अस्तरात नळीसारख्या असंख्य सूक्ष्म धान्या दाटीने उभ्या असतात आणि प्रत्येक धानीत सहसा आठ बीजाणू असतात. ते पिकले की धानीतला दाब त्यांना बाहेर भिरकावतो.

आपण खुडतो ते केवळ फळ. खरा जीव जमिनीखाली धाग्यांच्या जाळ्याच्या रूपाने पसरलेला असतो. प्रतिकूल काळ काढण्यासाठी हे जाळे अन्न साठवून कठीण गाठी बनवते, त्यांना स्क्लेरोशिया म्हणतात. वसंतात माती उबदार होऊ लागली की या गाठीतून पुन्हा धागे फुटतात किंवा गुच्छी उगवते, आणि दोहोंपैकी काय होईल हे ओलावा, तापमान आणि मातीतले अन्न यांवर ठरते. विजा कडाडल्या की गुच्छी उगवते, असे डोंगरातले लोक मानतात. विजांबरोबर पाऊसही येतो, हे लक्षात घेतले तर त्या निरीक्षणाला हसण्याचे कारण नाही. उत्तर अमेरिकेत तर वणव्यानंतरच्या वसंतात जळलेल्या जंगलात काही जातींचे अमाप पीक येते. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात याहून नवलाची गोष्ट दिसली: मोरेलची एक जाती स्यूडोमोनास पुटिडा हे जिवाणू आपल्या धाग्यांवर वाढवते, त्यांना खाऊ घालते आणि पुढे त्यांच्यातलेच अन्न काढून घेते. याला शेतीच म्हणायला हवे.

इतकी गुंतागुंत असल्यामुळेच माणसाला ती लावायला फार काळ लागला. बंदिस्त जागेत मोरेल उगवल्याचे रोनाल्ड ओवर यांनी 1982 साली प्रसिद्ध केले. आता चीनमध्ये तिची मोठी शेती होते आणि हिमाचलातल्या सोलनच्या खुंब (म्हणजे अळंबी) संशोधन संचालनालयानेही 2021 साली लागवडीत यश मिळाल्याचे जाहीर केले.

रानात गुच्छी ओळखताना चाकूवर विश्वास ठेवावा. उभी चिरल्यावर खरी गुच्छी डोक्यापासून देठाच्या तळापर्यंत एकसलग पोकळ दिसते. तिच्याशी साम्य असणाऱ्या जायरोमिट्रा या दुसऱ्या अळंबीचे डोके मेंदूसारखे सुरकुतलेले असून आत वेडेवाकडे कप्पे असतात. या जायरोमिट्रातल्या जायरोमिट्रिन या द्रव्यापासून शरीरात मोनोमिथाइल हायड्रॅझिन तयार होते, जे अग्निबाणांच्या इंधनातही वापरतात; ते यकृतावर आणि मज्जासंस्थेवर घाला घालते.

पण ओळख अचूक पटली म्हणून धोका संपत नाही. 2023 साली अमेरिकेत मोंटाना राज्यातल्या बोझमन शहरात एका उपाहारगृहातल्या मोरेल खाऊन 51 जण आजारी पडले आणि त्यांतले दोघे दगावले. त्या खऱ्याच मोरेल होत्या. काही कच्च्या, काही अर्धवट शिजलेल्या. त्यांतले नेमके विषद्रव्य अजून हाती लागलेले नाही, मात्र चांगली शिजवल्यावर धोका बराच कमी होतो. म्हणून सुकी गुच्छी भिजवल्यावर खळग्यांतली वाळू धुऊन काढावी आणि ती पूर्ण शिजेपर्यंत आंच बंद करू नये.

डोंगरात ती दोऱ्यात ओवून चुलीच्या वर टांगतात. तिच्यात बहुतांश पाणीच असल्याने दहा किलो ओल्या गुच्छीची जेमतेम किलोभर सुकी उरते आणि बाजारात तिला किलोमागे हजारो रुपये मिळतात. इतक्या पैशापुढे, सगळी खुडून नेली तर पुढच्या वर्षी काय, ही काळजी साहजिक आहे. स्वित्झर्लंडमध्ये 1975 पासून जवळपास तीन दशके जंगली अळंब्यांवर याचीच पाहणी झाली. खुडल्यामुळे पुढचे पीक घटले नाही. अळंबी कापली काय किंवा उपटली काय, फरक दिसला नाही. मात्र जिथे माणसांच्या पायांनी जमीन तुडवली गेली, तिथे अळंब्या कमी उगवल्या. त्या पाहणीत गुच्छीचा वेगळा विचार झालेला नसला, तरी तिचे जाळे आणि गाठीही याच वरच्या भुसभुशीत थरात असतात, ज्यावरून हंगामात अख्खे गाव चालत जाते.