दोन इमारतींमधील वेगवान बिनतारी जोडणी : उपकरण निवडण्यापूर्वी

वागळे इस्टेटमधील गाळा आणि मागच्या गल्लीतील गोदाम, किंवा महापे-रबाळे पट्ट्यात रस्त्याच्या दोन बाजूंना असलेल्या एकाच कारखान्याच्या दोन इमारती, यांचे नेटवर्क एकत्र जोडायचे असेल आणि मधला रस्ता खोदण्याची परवानगी मिळण्यासारखी नसेल, तर गच्चीवर समोरासमोर दोन रेडिओ बसवून ही जोडणी करता येते. दोन्ही इमारती एकाच आवारात असतील आणि चर खणता येत असेल, तर आम्ही फायबरच सुचवतो. रेडिओची विक्री हा आमचा व्यवसाय असला तरी अशा ठिकाणी रेडिओ विकणे आम्हाला योग्य वाटत नाही. हे माहितीपत्रक उरलेल्या ग्राहकांसाठी, म्हणजे साधारण १०० मीटर ते १ किलोमीटर अंतरासाठी आहे.

उपकरणाच्या खोक्यावर छापलेला वेग हा हवेतील सांकेतिक वेग असतो. आपल्या संगणकापर्यंत पोहोचणारा वेग त्याहून बराच कमी असतो. ५ गिगाहर्ट्‌झच्या रेडिओवर सेकंदाला ८६७ मेगाबिट लिहिलेले असले, तरी जाणारी आणि येणारी माहिती एकाच वाहिनीवर (चॅनलवर) आळीपाळीने जात असल्याने दोन्ही दिशांची बेरीज स्वच्छ हवेत, गर्दी नसताना, बहुधा ५०० च्या आसपास भरते. शिवाय ज्या रेडिओला एक गिगाबिटचेच पोर्ट आहे, त्यातून कोणत्याही एका दिशेने सुमारे ९४० मेगाबिटपेक्षा अधिक बाहेर पडू शकत नाही, मग हवेतला आकडा कितीही मोठा असो. म्हणून आधी आपली गरज मोजावी. एका कॅमेऱ्याला ४ मेगाबिट धरले तर ६० कॅमेऱ्यांना २४० मेगाबिट लागतात. त्यावर रात्रीचा बॅकअप आणि पुढील तीन वर्षांची वाढ धरावी.

निवड मुख्यतः लहरींच्या वारंवारतेच्या दोन पट्ट्यांमध्ये असते (गिगाहर्ट्झ हे वारंवारतेचे माप). ५ गिगाहर्ट्‌झचा पट्टा पावसाला जवळजवळ दाद देत नाही. पण घोडबंदर रस्त्यासारख्या टोलेजंग वस्तीत घराघरांतील वायफाय आणि स्थानिक इंटरनेट सेवादारांचे रेडिओ त्याच पट्ट्यात असल्याने तिथे मोकळी वाहिनी सापडणे कठीण होते. याच पट्ट्याच्या काही भागात हवामान रडार चालतात. रडारचा संकेत ऐकू आला की रेडिओने वाहिनी सोडून जावे अशी त्यात योजना असते, आणि दुपारी मध्येच काही क्षण जोडणी तुटण्याचे कारण पुष्कळदा हेच निघते. ६० गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात वाहिन्या प्रत्येकी सुमारे २ गिगाहर्ट्‌झ रुंद असतात, त्यामुळे खरोखरीचा गिगाबिट वेग मिळतो, आणि झोत अरुंद असल्याने शेजाऱ्यांचा त्रासही जवळजवळ होत नाही. मात्र या पट्ट्यातील लहरी हवेतील ऑक्सिजनच शोषून घेतो, प्रत्येक किलोमीटरला सुमारे १५ डेसिबल इतका. (डेसिबल हे संकेत किती क्षीण झाला ते सांगणारे माप; १० डेसिबलची घट म्हणजे दहापट क्षीण.)

आणि मग आपला पावसाळा. रेडिओच्या दृष्टीने दिवसभरात किती पाऊस पडला याला फारसे महत्त्व नाही. कोणत्या पाच-दहा मिनिटांत तो किती जोराने पडला याला आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, त्याची सरासरी ताशी ३९ मिलिमीटर येते. पण एरवीच्या जुलैमध्येही ठाण्यात काही मिनिटे ताशी १०० मिलिमीटरच्या जोराने सर कोसळते. त्या जोराच्या सरीत ६० गिगाहर्ट्‌झचा संकेत दर किलोमीटरला सुमारे २९ डेसिबलने घटतो, तर ५ गिगाहर्ट्‌झचा अवघ्या अर्ध्या डेसिबलने. म्हणजे ४०० मीटरच्या जोडणीत पाऊस आणि ऑक्सिजन मिळून १८ डेसिबलचे नुकसान होते, जे चांगल्या डिशने भरून काढता येते. १ किलोमीटरवर तेच ४४ डेसिबल होते आणि लहान डिशच्या बहुतेक उपकरणांना ते पेलत नाही. परदेशी माहितीपुस्तिकेत दिलेले कमाल अंतर त्यांच्याकडच्या पावसासाठी असते, हे कृपया लक्षात घ्यावे. आमचा सल्ला असा की ५०० मीटरच्या आत ६० गिगाहर्ट्‌झ घ्यावे आणि सोबत ५ गिगाहर्ट्‌झची राखीव जोडणी ठेवावी, जी मोठ्या सरीत आपोआप काम हाती घेईल. वेग तेवढा वेळ उतरेल, पण बिलिंग आणि फोन बंद पडणार नाहीत.

दोन गच्च्या एकमेकींना दिसतात एवढे पुरेसे नसते. ५०० मीटरच्या जोडणीत मध्यावर लहरींना ५ गिगाहर्ट्‌झसाठी सरळ रेषेभोवती चहूबाजूंनी सुमारे अडीच मीटरचा, तर ६० गिगाहर्ट्‌झसाठी ८० सेंटिमीटरचा पट्टा लागतो, आणि त्यातील निदान ६० टक्के भाग मोकळा असावा लागतो. एका ग्राहकाकडे आम्ही मार्च महिन्यात जोडणी बसवली आणि ती उत्तम चालली. मे अखेरीस मधल्या सोसायटीने गच्चीवर पत्र्याची पावसाळी शेड उभारली आणि जोडणी गेली. ती चूक आमची होती, कारण मधल्या गच्चीची चौकशीच आम्ही केली नव्हती. आता पाहणीच्या वेळी आम्ही शेड, दुरुस्तीच्या परांच्या, पावसाळ्यात भरगच्च होणारी झाडे आणि मधल्या भूखंडावर येऊ घातलेले बांधकाम यांची विचारपूस करतो. आपल्याला शेजारची माहिती असेल तर ती अवश्य द्यावी.

परवान्याविषयी स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. ऑक्टोबर २०१८ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेने ५ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यातील एकूण ६०५ मेगाहर्ट्‌झ ठरावीक शक्तिमर्यादेत परवानामुक्त झाले. ६० आणि ८० गिगाहर्ट्‌झचे पट्टे त्या अधिसूचनेत नाहीत. अमेरिकेत किंवा युरोपात ६० गिगाहर्ट्‌झ मुक्त आहे असे वाचून उपकरण परस्पर मागवू नये. त्या दिवशी लागू असलेला नियम आणि उपकरणाची मान्यता यांची कागदपत्रे पाहूनच आम्ही असे रेडिओ पुरवतो, आणि कागद नसतील तर ५ गिगाहर्ट्‌झवरच जोडणी आखतो.

डिश जितकी मोठी तितका झोत अरुंद होतो. ३० सेंटिमीटर डिशचा ६० गिगाहर्ट्‌झचा झोत सुमारे एक अंशाचा असतो, म्हणजे ५०० मीटरवर जेमतेम ९ मीटर रुंद, म्हणून खांब पावसाळी वाऱ्यात हलता कामा नये. खाडीलगतच्या ऐरोली-बेलापूर पट्ट्यात खाऱ्या हवेने साधे क्लॅम्प आणि नटबोल्ट लवकर गंजतात. तिथे स्टेनलेस स्टीलच घ्यावे. केबल १०० मीटरच्या आत, बाहेरच्या वापराची आणि आतून धातूचे आवरण असलेली (शील्डेड) असावी, दोन्ही टोकांना विजेपासून संरक्षण आणि नीट अर्थिंग असावे. २४ व्होल्टच्या रेडिओला ४८ व्होल्टचा पुरवठा जोडला गेल्यास तो जळू शकतो, म्हणून जुना ॲडॉप्टर परस्पर वापरू नये.

जोडणी ताब्यात घेताना आमच्याकडून दोन आकडे लेखी मागावेत : गणिताने अपेक्षित असलेला संकेत आणि प्रत्यक्ष मिळालेला संकेत. दोहोंत २-३ डेसिबलहून अधिक फरक असेल, तर डिश बहुधा मुख्य झोताऐवजी बाजूच्या दुय्यम झोतावर स्थिरावलेली असते. उन्हाळ्यात अशी जोडणी चालते आणि पहिल्या मोठ्या सरीत पडते. अशा वेळी सही न करता आम्हाला डिश पुन्हा जुळवायला लावावी.