बिबट्याला माणूस दिसला पाहिजे

ऊस तोडणारा माणूस दिवसाचे कितीतरी तास वाकलेला असतो, कारण कोयता जमिनीलगत, बुडख्याशीच मारावा लागतो. खुरपणी करणारी बाई बसलेली असते, रात्री दारे धरणारा, म्हणजे पिकाला पाणी देणारा शेतकरी सरीत वाकून खोऱ्याने माती ओढत असतो आणि आडोशाला गेलेले मूल उकिडवे बसलेले असते. सोलापूर जिल्ह्यातील शेतीत माणूस ताठ उभा असण्याचे प्रसंग आपल्याला वाटते त्याहून कमी असतात. बिबट्यापासून कसे सुरक्षित राहावे, याचा विचार याच गोष्टीपासून सुरू करावा लागतो.

बिबट्या दबा धरून शिकार करणारा प्राणी आहे. पूर्ण वाढलेल्या बिबट्याचे वजन साधारणपणे तीस ते सत्तर किलोच्या दरम्यान असते आणि मादी नरापेक्षा बरीच हलकी असते. एवढ्या अंगाचा प्राणी आपल्याला झेपेल अशीच शिकार निवडतो, म्हणजे शेळी, कुत्रे, वासरू, रानडुकराचे पिल्लू. दोन पायांवर उभा असलेला, बोलत चाललेला माणूस या यादीत बसत नाही आणि त्याची चाहूल लागताच बिबट्या बहुधा स्वतःच सरकून जातो. मात्र अंधारात, पाचटाआड, जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर काहीतरी हलताना दिसले, तर ते माणूस आहे की शेळी, हे त्याला कळेलच असे नाही. लहान मुलांना धोका अधिक असतो तो याच कारणाने.

ऊस त्याला का मानवतो, हेही समजून घेतले पाहिजे. सुरू उसाचे पीक सुमारे बारा महिने आणि आडसाली ऊस सोळा-अठरा महिने शेतात उभा असतो. एवढा काळ सावली, ओलावा आणि आडोसा एकाच ठिकाणी मिळतो. शेजारी कॅनॉलचे किंवा शेततळ्याचे पाणी असते, वस्त्यांवर शेळ्या आणि मोकाट कुत्री असतात. उजनीचे पाणी जिकडे गेले, तिकडे ऊस गेला आणि त्यामागून बिबट्याला राहण्याजोगी जागाही तयार झाली. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले परिसरात वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅमेरे लावून अभ्यास केला, तेव्हा दाट वस्तीच्या त्या शेतीप्रदेशात दर शंभर चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे आढळले. त्यांच्या विष्ठेच्या तपासणीवरून असे दिसले की, त्यांच्या आहारात पाळीव जनावरांचा वाटा सर्वांत मोठा होता आणि त्यातही कुत्र्यांचा अधिक होता.

हे वाचून कोणीही म्हणेल की, मग पकडून लांब जंगलात नेऊन सोडा. ही मागणी मी अनेकदा ऐकली आहे आणि भीतीने ग्रासलेल्या माणसाच्या तोंडी ती स्वाभाविकच आहे. पण जुन्नर परिसराचा अनुभव तिच्या विरुद्ध जातो. तेथे २००१ नंतर मोठ्या प्रमाणावर बिबटे पकडून दुसरीकडे सोडण्यात आले आणि पूर्वी वर्षाला सरासरी चारच्या आसपास असलेले माणसांवरील हल्ले त्या काळात सतरापर्यंत गेले. अनोळखी मुलखात सोडलेला, पिंजऱ्यात घाबरलेला प्राणी परत निघतो, भरकटतो, दुसऱ्या बिबट्याच्या हद्दीत शिरतो, आणि रिकाम्या झालेल्या जागी नवा बिबट्या येतो. माणसावर पुन्हा पुन्हा हल्ला करणाऱ्या बिबट्याची गोष्ट वेगळी. करमाळा तालुक्यात डिसेंबर २०२० मध्ये तीन जणांचा जीव घेणाऱ्या बिबट्याला वनविभागाच्या आदेशाने गोळी घालावी लागली, आणि ते आवश्यकच होते. पण केवळ उसात दिसला म्हणून प्रत्येक बिबट्याला हलवण्याने वस्ती सुरक्षित होत नाही.

तेव्हा शेतात जाताना आपण माणूस आहोत, हे बिबट्याला दुरूनच आणि वेळेवर कळेल अशी व्यवस्था करणे हाच सर्वांत भरवशाचा उपाय आहे. रात्री मोटार सुरू करायला एकट्याने जाऊ नये. जावेच लागले तर हातात चांगली बॅटरी आणि काठी असावी, मोठ्याने बोलत किंवा मोबाईलवर गाणी लावून चालावे. काठीला घुंगरू बांधण्याची पद्धत काही भागांत आहे आणि ती उपयोगी आहे, कारण तिचा आवाज चालण्याबरोबर आपोआप होतो. वाकून काम करताना दोघांपैकी एकाने उभे राहून आजूबाजूला उजेड फिरवत राहावे. शेतीपंपांना वीज दिवसा मिळाली, तर या साऱ्या खबरदारीचा मोठा भाग अनावश्यक ठरेल. दिवसा विजेची मागणी सुरक्षिततेचीही मागणी आहे, असे माझे ठाम मत आहे.

तोडणी मजुरांची स्थिती सर्वांत नाजूक असते. त्यांची कोपी, म्हणजे तात्पुरती झोपडी, फडाच्या, म्हणजे तोडणीच्या उसाच्या कडेला असते, दार म्हणजे बहुधा एखादे कापड आणि पहाटे आई-वडील फडात गेले की लहान मुले तिथेच झोपलेली राहतात. कोपी उभ्या उसापासून शक्य तितकी दूर, मोकळ्या जागेत असावी, भोवती रात्रभर दिवा असावा, मुलांना दाराशी न झोपवता मोठ्या माणसांच्या मध्ये झोपवावे आणि दिवसाही मुलांजवळ एखादे जाणते माणूस थांबावे. हे मजुरांच्या ऐपतीवर सोडून चालणार नाही. मुकादम, शेतमालक आणि कारखाना यांनी मिळून ते करायला हवे. शिळे अन्न आणि कोंबडीचे टाकाऊ मांस वस्तीजवळ फेकले की कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो, म्हणून तेही खड्ड्यात पुरावे. शेळ्यांचा गोठा वरूनही जाळीने बंद असावा, कारण उंच भिंत बिबट्याला अडवत नाही.

ओल्या मातीत ठसा दिसला तर आधी तो नीट पाहावा. बिबट्याचा ठसा गोलसर असतो, त्यात चार बोटे उमटतात आणि नखे उमटत नाहीत, कारण मांजरकुळातील प्राणी चालताना नखे आत ओढून घेतात. कुत्रा, लांडगा आणि तरस यांच्या ठशात बोटांपुढे नखांचे टोक दिसते. नान्नजच्या माळरानाकडे लांडगे पूर्वीपासून आहेत आणि त्यांच्या ठशांवरून बिबट्याची आवई उठणे सहज शक्य असते. ठशाशेजारी नाणे किंवा माचिस ठेवून फोटो काढावा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

बिबट्या समोरच आला तर पळू नये, पाठ फिरवू नये आणि खाली वाकू नये. लहान मूल बरोबर असेल तर नजर बिबट्यावर ठेवून त्याला पटकन उचलून घ्यावे. हात वर करून मोठे दिसावे, ओरडावे आणि हळूहळू मागे सरावे. त्याला निघून जायला वाट ठेवावी. मोबाईल काढून गर्दीने त्याला घेरले की घाबरलेला बिबट्या अंगावर येतो आणि अशा वेळी कितीतरी माणसे विनाकारण जखमी होतात. अंगावर आलाच तर हातात असेल त्याने प्रतिकार करावा. जखम लहान दिसली तरी साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि रेबीजच्या लसीसाठी लगेच सरकारी दवाखाना गाठावा.

तोडणीच्या काळात फडात पिल्ले सापडतात, तेव्हा पहिली इच्छा त्यांना उचलून घरी नेण्याची होते. तसे करू नये. फडाचे काम तिथेच थांबवून सर्वांनी दूर जावे आणि वनविभागाला बोलवावे, कारण मादी बहुधा जवळपासच असते आणि पिल्ले न सापडल्यास ती रात्री वस्तीभोवती फिरत राहते. वनकर्मचारी पिल्लांना तपासून संध्याकाळी त्याच सरीत, उघडता येईल अशा खोक्यात ठेवतात आणि कॅमेरा लावून बाजूला होतात. अंधार पडल्यावर मादी येते, खोके पाडते आणि एकेका पिल्लाला मानेला धरून घेऊन जाते.